किल्ली तुमच्याकडे होती, हे मी सांगितलं

अहो,

रागावलात तरी चालेल, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. काल पालघरला कारखान्याच्या आगीच्या सरकारी चौकशीत माझी जबानी झाली. मागच्या दाराची किल्ली तुमच्याकडे असायची, हे मी सांगून टाकलं.

तुमचा भाऊ तुळिंजहून घरातून निघाल्यापासून बजावत होता, "वहिनी, किल्लीचं नावच काढू नका. सगळं दादाच्या अंगावर येईल." पण चौकशीच्या साहेबांनी सरळच विचारलं. खोटं कसं बोलू? तुमच्याबरोबर आगीत गेलेल्या दोघांच्या बायका मागच्या बाकावर बसल्या होत्या.

काय कौतुक होतं हो तुम्हाला त्या किल्लीचं! वालीवच्या कारखान्याच्या गाळ्यातून पितळेचा भुगा चोरीला जायला लागला, तेव्हा शेठने काम चालू असतानाही मागचं दार कुलपात ठेवायला सांगितलं आणि किल्ली तुमच्या हातात दिली. तुम्ही पेढे घेऊन घरी आलात. "एवढ्या माणसांत माझ्यावरच विश्वास," म्हणालात. मी विचारलं, आत माणसं असताना कुलूप कशाला? "तुला कारखान्यातलं काय कळतं," म्हणून मला गप्प बसवलंत. आता मी कुणाशी भांडू?

दमलेय हो मी. तारीख पडते, दिवसभर बसायचं, आणि संध्याकाळी म्हणतात, पुढच्या तारखेला या. कधी वाटतं, काय लिहायचं ते लिहा, मला घरी जाऊ द्या.

कालही तसंच वाटलं. कारकुनाने कागद पुढे सरकवला, "इथे सही करा." सगळं इंग्रजीत. युनियनच्या ताईंनी सांगून ठेवलं होतं, आपल्याला कळेल अशा भाषेत वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही, साक्षीदाराचा तो हक्क आहे. मी म्हटलं, "मराठीत वाचून दाखवा." कारकून वैतागला. "बाई, ऑफिस बंद व्हायची वेळ झाली." भाऊजींनी कोपराने ढोसलं. मी हललेच नाही.

त्याने वाचलं. 'माझे पती दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवत.' बस्स, एवढंच. शेठचं नाव कुठेच नाही.

"हे अर्धंच आहे," मी म्हटलं. "शेठने सांगितलं म्हणून लावत, असं मी बोलले. ते घाला, मग सही."

साहेब कारकुनाला म्हणाले, "त्या बोलल्या तसं घ्या." घेतलं त्याने. मग सही केली आणि जबानीची प्रतही मागितली.

शेठचा हुकूम कागदावर आला. पण कुलूप तुम्ही लावलंत, तेही आलं. ते मला खोडता येत नाही, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

बाहेर पडल्यावर त्या दोघींपैकी धाकटी माझ्याकडे आली. वाटलं, आता ही मला बोलणार, आणि बोलली तर तिचं काय चुकलं? ती म्हणाली, "ताई, पुढच्या तारखेला माझी जबानी आहे. माझ्यासोबत बसाल?"

बसेन म्हणून सांगितलंय. शेठचा वकील मलाही पुन्हा उलटसुलट विचारणार आहे. विचारू दे. तुमचं चुकलं तेवढं चुकलं म्हणेन, पण शेठचं पाप तुमच्या माथी मारू देणार नाही. हा माझा शब्द.

तुमचीच,
वंदना