शेवटच्या पानावरचा फुगा

प्रिय अण्णा,

मला तुमच्याविषयी एक शंका आहे. ज्यांना विचारायची ते तुम्हीच उरला नाहीत, म्हणून हे पत्र. आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या दुरुस्त्या शुक्रवारपर्यंत पाठवायच्या आहेत. त्याआधी मला कळायला हवे की त्या पुस्तकात माझे नेमके किती आहे.

झाले असे. आपल्या मराठी मंडळाच्या त्रैमासिकाचा नवा अंक आला. ‘नवी चित्रपुस्तके: थोडक्यात मत’ हे आपल्या दोघांचे सदर या वेळी वसुधाताईंनी लिहिले आहे. तुमच्याशिवाय मला मतच सुचेना, मी नकार कळवला. ताईंनी चार पुस्तकांवर चार-चार ओळी लिहिल्या. राजाराण्यांच्या जाड पुस्तकाला त्या ‘देखणे, पण दमवणारे’ म्हणतात. तुम्ही म्हणाला असता, “तलवारी चकाकतात, माणसं नाहीत.” शाळेच्या आठवणींच्या पुस्तकाला त्या ‘बोलके’ म्हणतात. मला ते बडबडे वाटले. प्रत्येक चौकटीत संवादाच्या फुग्यांची इतकी गर्दी की चित्राला उभे राहायला जागा नाही. एकही शब्द नसलेल्या पुस्तकावर त्यांनी चार ओळी कशा लिहिल्या, हे एक कोडेच आहे.

चौथे पुस्तक आपले. हेब्बाळच्या तळ्याकाठी शिलाईचे दुकान चालवणारी आई, आणि परदेशी निघालेली तिची मुलगी. कन्नडमधून अनुवाद माझा, फुग्यांतली अक्षरे तुमच्या हातची. ताई लिहितात: ‘शेवटच्या पानावर आई तीनच शब्द बोलते. अनुवादिकेच्या संयमाला दाद द्यावी.’

वसुधाताई कोणाची स्तुती करत नाहीत, म्हणून मी आधी त्या स्तुतीवरच संशय घेतला. मग आठवले, मी शेवटच्या पानावर तीन शब्द लिहिलेच नव्हते. माझे वाक्य होते, ‘तू जिथे असशील तिथे सुखात राहा, याहून मला आणखी काही नको.’ मूळ कन्नडशी शब्दन् शब्द प्रामाणिक.

तुम्ही गेल्यापासून ते पुस्तक मी उघडले नव्हते. गेल्या आठवड्यात उघडले. शेवटच्या फुग्यात, तुमच्या त्या किंचित उजवीकडे कलणाऱ्या अक्षरांत, लिहिले होते: ‘डबा परत आण.’

अण्णा, दुसऱ्यांच्या कामातले दोष शोधणे हीच माझी नोकरी आहे. माझा पहिला संशय संपादक रेश्मावर गेला. तिला पाठवायचा निरोप मी चार वेळा लिहून खोडला आणि शेवटी धीर करून फोन केला.

“अगं, अण्णांच्या स्कॅनला मी कशाला हात लावू?” ती म्हणाली. “आणि प्रूफ तुला पाठवलं होतं की. तू ‘ठीक आहे’ म्हणून कळवलंस.”

कळवले होते. तुम्हाला जाऊन तिसरा दिवस होता. मी फाइल न उघडता उत्तर दिले. उत्तरपत्रिका दोनदा तपासल्याशिवाय कधीही वर्गाबाहेर न पडलेल्या मुलीने हे केले.

मग मी माझी टंकलिखित प्रत आणि पुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. पानोपानी बदल. माझ्या प्रतीतली मुलगी म्हणते, ‘मला येथे श्वास घेणेही कठीण झाले आहे.’ तुमच्या फुग्यातली म्हणते, ‘खिडकी उघड ना.’ आणि चित्रात तिच्या मागे खरोखर एक बंद खिडकी आहे.

ती मला आजवर दिसलीच नव्हती. जयनगरच्या तुमच्या खोलीत, शाईच्या बाटल्यांमागून, तुम्ही दर रविवारी, माझ्या शाळेतल्या पहिल्या नंबरांवरून पाडलेल्या नावाने, विचारायचात, “काय रँक, चित्र बघितलंस का?” मी हो म्हणायची. ते खोटे होते. मी फक्त संहिता वाचत होते. चित्रे मला मजकुराभोवतीची सजावट वाटत. शेवटच्या पानावर आईने रिक्षात बसलेल्या मुलीच्या हाती डबा दिला आहे आणि तिचा स्वतःचा हात अजून डब्यावरून सुटलेला नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

तरीही तुम्हाला सगळे माफ नाही. भांडणाच्या पानावर आईचे वाक्य मी ‘मला माफ कर, मी तुला कधी विचारलंच नाही’ असे दिले होते. तुम्ही पहिले तीन शब्द गाळले. फुगा लहान होता म्हणावे, तर मी पट्टी लावून मोजले. निम्मा फुगा रिकामा आहे. मग का गाळले?

शनिवारी तुमच्या घरी गेले. अक्कांनी दार उघडले आणि माझ्या काखेतले पुस्तक पाहिले.

“भांडायला आलीस की जेवायला?”

“विचारायला, अक्का.”

“मग बस की. स्वल्प चहा घे आधी.”

मी शेवटचे पान पुढे केले. अक्का सहज म्हणाल्या, “हे होय? हे माझं आहे. आमचे हे लिहायला बसले की मला वाचून दाखवायचे. ‘मुलगी निघाली तर आई असं बोलेल का गं?’ मी भाकरी थापत होते. म्हटलं, इतकं कोण बोलतंय? डबा परत आण म्हणेल. माझे किती डबे गेलेत असे. ते हसले नाहीत, उठून आत गेले आणि लिहून टाकलं.”

“मला का नाही सांगितलं?”

“छापून आल्यावर सांगतो म्हणाले. आत्ता सांगितलं तर रँक मूळ कन्नड काढून बसेल म्हणाले.”

बसले असते. पण अण्णा, दोन महिने मला अंधारात ठेवून तुम्ही दोघे माझ्या वाक्यांवर कात्री चालवत होता, आणि मी वर तुमच्याकडे चहा पीत होते. हे शोभले का तुम्हाला?

मग मी भांडणाचे पान दाखवले. अक्कांनी चष्मा लावला, दोन्ही वाक्ये वाचली आणि जोरात हसल्या. “माफ कर? हा शब्द त्यांच्या हातून कसा निघेल गं? चाळीस वर्षांच्या संसारात तोंडातून निघाला नाही. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन माझ्या डब्यांवर नावं रंगवत बसायचे. हळद, तिखट, गूळ. ती फळी बघ.”

फळी नव्हती, फळ्या होत्या. चार. एकही डबा कोरा नव्हता. अक्का बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

तर माझा निर्णय ऐका. ‘डबा परत आण’ राहील, खिडकीही राहील. मूळ लेखिकेला सगळे खरे कळवले आहे. त्यांचे ‘सरी’, म्हणजे ‘ठीक’, एवढेच उत्तर आले. ते संमतीचे की नाराजीचे, याचा मला अजून संशय आहे. अनुवाद म्हणून आता तीन नावे असतील. अक्का म्हणाल्या, “माझं घालायचं तर घाल, पण त्यांच्या आधी घाल.” तसेच घातले आहे.

दुरुस्ती एकच. ‘मला माफ कर’ हे शब्द त्या फुग्यात परत जातील. तुमचा हात नाही, म्हणून अक्षरे पुस्तकातल्या इतर पानांवरून उचलायची आहेत. ‘मला’ जागोजागी आहे, ‘कर’ही मिळाले, ‘मा’ ‘माती’तून घेतला. ‘फ’साठी मात्र पुस्तक दोनदा चाळावे लागले, तो एका ‘फक्त’मध्ये सापडला. तेव्हा अण्णा, जे चाळीस वर्षे टाळलेत, ते आता तुमच्याच अक्षरांत छापून येणार आहे. पहिली प्रत अक्कांना देईन.

निघताना त्यांनी मला डबा दिला. झाकणावर तुमच्या हातचे ‘शेंगा चटणी’.

वचन देते, यापुढे आधी चित्र बघेन, मग शब्द. आणि पुढच्या रविवारी डबा परत नेईन. रिकामा नेणार नाही. मला शिऱ्याशिवाय काही येत नाही, आणि तो मीच केला आहे यावर अक्का संशय घेतील. घेऊ देत.

तुमची,
मृणाल, म्हणजे रँक