सगळीकडे शून्य

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी भाची बालवाडीत गाजते आहे. चार वर्षांच्या ठकीने आठवड्यात तीन पोरांचे चावे घेतले. बाईंनी मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे पाठवले. तिथून दोन फॉर्म निघाले, एक बाईंनी भरायचा, एक आईने. शंभर वाक्ये आहेत. कधीच नाही तर शून्य, कधीकधी तर एक, नेहमी तर दोन. चावते, वस्तू फेकते, झोपेत दचकते, असे काय काय. बेरीज जास्त आली तर शाळेतून काढतील या धास्तीने माझा फॉर्म अजून कोराच ठेवला आहे. हे म्हणतात, मी उगाच बाऊ करते. काय लिहू ते कळव.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तूही लहानपणी माझ्या दंडाला चावायचीस, तेव्हा कोणी फॉर्म भरला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळीकडे शून्य लिही आणि मोकळी हो. एकदा पोरीवर शिक्का बसला की जन्मभर पुसत नाही. मेहुण्यांना नमस्कार. ठकीला पापा, चावणार नसेल तर.

माया आहे तशीच ठेव.
तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे ऐकले आणि फसले. डॉक्टरबाईंनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. शाळेत एवढी चिडणारी मुलगी घरात इतकी शहाणी कशी, असे त्यांनी विचारले. मग ह्यांना ठकीसोबत बाहेर बसवले, दार लावले आणि घरात ती कोणाला घाबरते का, म्हणाल्या. रोख ह्यांच्यावर होता. काचेतून दिसत होते, हे खाली बसून तिच्या बुटाची नाडी बांधत होते. गप्प राहावे तर ह्यांच्यावर बालंट येणार होते.

मी कोरा फॉर्म मागितला. चावते, दोन. फेकते, दोन. दचकते, दोन. घरातल्या मोठ्यांना घाबरते, या वाक्याशी हात थांबला. ताई, तिने काही सांडले की मी तिला बाथरूममध्ये कोंडते आणि दिवा बंद करते. बाहेर काढायला गेले की ती माझ्या हाताला चावते. ह्यांना ठाऊक नाही. तुलाही कधी कळू दिले नाही. तिथे दोन लिहिले आणि शेजारी लिहिले, आईला.

मंगळवारी आम्हा दोघींना परत बोलावले आहे. मला फार भीती वाटते.

हे वाचूनही लोभ असू दे.
तुझी धाकटी