खाट बदलल्याची हकिकत

मु. कोंढा, ऑपरेशनचं शिबिर
दि. ११ फेब्रुवारी १९७९

श्री. यादोराव भाऊ यांस,

टेकचंदचा पडल्या पडल्या नमस्कार. (उठून करायला टाके परवानगी देत नाहीत, तरी पूर्ण धरावा.) तुमची कंबर, वहिनींचा खोकला आणि नव्या म्हशीचा स्वभाव, तिन्ही सुधारले असतील अशी आशा आहे. इकडे माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि मी ठणठणीत आहे. तुमची बहीण गोदावरीही अंगानं बरी आहे, पण चार दिवस झाले, धड जेवत नाही आणि माझ्याशी बोलत नाही. हे काहून झालं ते सविस्तर लिहितो.

भाऊ, शिबिर म्हणजे धर्मशाळेच्या दालनात ओळीनं वीस खाटा, आणि प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी पेशंटचा कागद टांगलेला. माझ्या कागदावर लाल शाईनं एक ओळ होती. मागच्या वर्षी दाढ काढताना हिरडी बधिर करायची सुई दिली आणि माझं तोंड सुजून श्वास अडकला होता, ते तुम्हाला आठवत असेल (तुम्ही तेव्हा खुर्चीमागे उभे राहून डॉक्टरालाच धीर देत होता). त्या जातीचं औषध मला पुन्हा चालणार नव्हतं. म्हणून शिबिरात सगळ्यांना कमरेत सुई आणि मला एकट्याला नाकातोंडावर मास्क लावून भूल, असं ठरलं होतं. गोदावरीलाही तपासणीच्या डॉक्टरांनी हे दोनदा समजावलं होतं. इथपर्यंत सगळं चोख होतं. पुढे मी अक्कल चालवली.

माझ्या खाटेचं डोकं नेमकं उत्तरेला. आता उत्तरेला डोकं करून आपल्याकडे कोणाला निजवतात हे तुम्हाला सांगायला नको. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी माणूस असं कसं निजेल? खाट फिरवावी तर मागे सलाईनचा खांब, पुढे भिंत. शेजारी नाकाडोंगरीचा गुलाब होता, खाणीतला माणूस, त्याचाही हर्नियाच, फक्त त्याचा उजवा आणि माझा डावा. त्याची खाट पूर्वेला डोकं करून ऐसपैस. त्याला अडचण सांगितली तर तो पोट धरून हसला (हर्नियावाल्यानं हसू नये, पण हसला) आणि म्हणाला, ‘आमी बौद्ध झालो तेव्हाच दिशा-फिशा सोडून देल्ल्या जी. या, निजा इकडं.’ झालं. मी त्याच्या खाटेवर, तो माझ्या खाटेवर. उशा नेल्या, पाण्याचे तांबे नेले, माझी तंबाखूची डबीसुद्धा नेली. कागद तेवढे जागच्या जागी राहिले.

सकाळी सिस्टरनं येऊन एक गुंगीची सुई दंडात दिली. (ती चालत होती.) घशाला कोरड पडली आणि मन असं प्रसन्न झालं म्हणता, की कोणी काहीही विचारावं आणि आपण हो म्हणावं. पायथ्याचा कागद वाचून तिनं विचारलं, ‘गुलाब ना?’ मी म्हणालो, हो. ‘उजवी बाजू?’ हो. तुम्ही कलेक्टर आहात का म्हणाली असती तरी हो म्हणून सही केली असती. मला ढकलगाडीवर घालून नेलं आणि एका कुशीवर वळवून कंबर पुसायला घेतली.

भुलीच्या डॉक्टरीणबाई मात्र मोठ्या खटपटी. त्यांची एक रीत अशी, की सुई टोचण्याआधी दाराशी येऊन नातेवाइकाला पेशंटचं नाव विचारायचं, आणि आपण होऊन सुचवायचं नाही. कारण घाबरलेला माणूस सुचवलेल्या नावाला मान हलवतो, असं त्यांचं म्हणणं. (माझ्यावरून पटलं.) दाराशी तुमची बहीण. नाव काय, तर म्हणे वच्छलाचे बाबा. ते नव्हे, त्यांचं नाव. तर म्हणे आमच्या घरचे. अठ्ठावीस वर्षांत जिनं माझं नाव उच्चारलं नाही, रेशनच्या दुकानातही पोरीला पुढे केलं, ती तिथे काय सांगणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘बाई, नाव तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी कमरेत सुई देत नाही.’

सुई म्हटल्याबरोबर गोदावरी चरकली. म्हणाली, ‘यायले तं सुई द्याची नोहोती ना जी?’ डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, त्यावर लाल शाई नाही. त्यांनी पुन्हा नावच विचारलं. तेव्हा तुमच्या बहिणीनं डोक्यावर पदर घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि ऑपरेशनच्या दारात चक्क उखाणा घातला:

‘भरल्या बांधीत पाणी, पाण्यात उभा बगळा,
टेकचंदराव नाव यायचं, सुई थांबवा, माणूस वेगळा.’

सुई थांबली. गुलाबला माझ्या खाटेवर शोधून काढलं, दोघांचे कागद जुळवले, आणि मला शुद्ध येईपर्यंत थांबून डॉक्टरीणबाईंनी जे झापलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, मास्क लावून, डाव्या बाजूचं. तेव्हापासून दालनातल्या प्रत्येकाच्या मनगटाला चिकटपट्टीवर नाव लिहून लावतात. गुलाब म्हणतो, आता कंकण बांधलेल्या नवरदेवासारखं वाटून राहिलं.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, म्हशीला जपून.

आपला,
टेकचंद

ता. क. खाट बदलायची कल्पना माझी होती हे आपल्या दिघोरीत कोणाला कळू देऊ नये. तिकडे मी गुलाबचं नाव सांगितलं आहे. त्याची हरकत नाही.

ता. क. दोन. खरं काम हे आहे. नवऱ्याचं नाव घेतलं, तेही सणसमारंभ नसताना, तर त्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या मनानं घेतलं आहे. रात्रंदिवस माझ्या छातीकडे पाहत बसते, श्वास चालू आहे का म्हणून. मी सांगून थकलो. तुमचा शब्द ती मोडत नाही, म्हणून मिळेल त्या गाडीनं या आणि तिला सांगा, की आयुष्य घटलं नाही, तिनं ते दारातून परत आणलं.

ता. क. तीन. तो उखाणा मला सिस्टरनं सांगितला. मी तेव्हा गुंगीत होतो, एक अक्षर ऐकलं नाही. भाऊ, समजूत पटलीच, तर तिला म्हणावं, एकदा तो माणूस जागा असताना घे.