हाताला लावायची कणीक

८ जानेवारी, सातारा
वही, माफ कर. दिवाळीपासून तुला हात लावला नाही. इरा बरी होती, म्हणून लिहायला काही सुचत नव्हतं. चांगल्या दिवसांत मी गप्प असते, हे काही बरं नाही.
आज पोरगी पोट धरून पडलीय. जुलाब, तोंडात फोड, सगळं जुनंच. सीलिअ‍ॅक, म्हणजे गहू तिच्या आतड्याला चालत नाही, हे कळल्यापासून घरात गव्हाचा कण नाही. हिंगसुद्धा बिनपिठाचा शोधून आणते. मग गेलं कुठून? नवीन एकच गोष्ट: सर्दीसाठी सांगलीच्या वन्संनी पाठवलेल्या सुंठ-गुळाच्या गोळ्या. डबीवर सुंठ, मिरी, पिंपळी, तुळस, गूळ. मीच वाचून दिल्या. दोनदा वाचून.

९ जाने.
डबीवरच्या नंबरावर फोन. सांगलीच्या ज्या दुकानात ह्या गोळ्या बनतात, त्याचा मालक. गहू आहे का, एवढंच विचारलं.
"आवं ताई, सगळं झाडपाल्याचं हाय. औषधात गहू कोण घालतंय?" वर हसला.
मी उगाच संशय घेतेय का? इराला परत विचारलं. शपथेवर म्हणाली, कॉलेजात पाणीसुद्धा घरचंच पिते.

११ जाने.
सांगलीला जाऊन आले. उंब्रजपाशी उसाच्या ट्रॉल्यांमागं एसटी रखडली. राग तेवढा वेळ शिजत राहिला. वन्संना घेऊन दुकानात. मालकांनी चहा सांगितला, मागच्या खोलीत नेलं. "बघा, लपवायचं काय न्हाई."
खरंच लपवलेलं नव्हतं. दोन बायका गोळ्या वळत होत्या. मध्ये परात, परातीत पीठ. बोटं पिठात बुडवायची, गोळी वळायची, परातीत घोळवायची.
हे काय?
"कणीक. गुळाची गोळी चिकटती न्हवं एकमेकीला!"
मग डबीवर का नाही?
मालक म्हणाले, "ती काय औषधात हाय व्हय? ती हाताला."
हाताला! आणि माझ्या लेकीच्या आतड्याला काय लागलं?
परतताना वन्सं: "एवढं वरडायचं व्हतं का गं? वळकीचा माणूस." ओरडले का मी? हो, बहुतेक. पण इरा विव्हळत होती तेव्हा ओळखीचं कोण होतं तिथं?

१३ जाने.
डॉक्टर म्हणाले, झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, असं धरू नका, विचारत चला. विचारलंच होतं की.
मालकांना मेसेज केला, डबीवर एक ओळ छापा. उत्तर: "एवढ्यासाठी डबी बदलत न्हाईत ताई. गहू काय इख हाय?"
व्हय. माझ्या घरात हाय.
हे म्हणतात, "सोड आता." सोडलं, तर उद्या दुसऱ्या कुणाची इरा...

१९ जाने.
इरा उठली, हिंडूफिरू लागली. आणि आज परत शिंका, घसा.
संध्याकाळी वन्संचं पार्सल. तीच डबी, छापलेलंही तेच. मागोमाग फोन: "ह्या तांदळाच्या पिठात घोळवून घेतल्यात, मी सोता हुबी राहून. इराची म्हणून येगळ्या. आता तरी राग सोड बाई." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वन्संवरचा राग तेवढ्यावरच गेला. डबीवरचा नाही.
इरा डबी हातात घेऊन दारात. "आई, घेऊ?"
नको म्हणवेना, घे म्हणवेना. डबी फडताळात वर ठेवली, तिला गुळण्यांना गरम पाणी दिलं.

उद्या: वन्संना विचारणे, परात तीच होती का.