लाल खुणांमधली वायर

४ एप्रिल २००५, न्हावरे

आज खुटबाव सोडून सुरेखाकडे कायमचा राहायला आलो. एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. भीमेच्या पुलावर वारा गार होता. सुरेखा माझी एकुलती लेक, शाळेवर शिकवते. जावई सुमितराव रांजणगावच्या कंपनीत. नात अपेक्षा सव्वातीन वर्षांची. ती दारातच उभी होती, माझी पिशवी ओढत आत घेऊन गेली. मला वेगळी खोली दिली आहे, पंखा आहे. माझी बायको भागुबाई आज असती तर तिने आधी पंखाच लावून बघितला असता.

अपेक्षा बोलायला मागे आहे. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, पोरगी जो शब्द बोलेल तो वहीत लिहून ठेवा. घरची दोघं दिवसभर बाहेर, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी सातवी नापास, पण अक्षर बरं आहे. आज मोजले. एकोणीस शब्द. पानी, माऊ, भाकर, चांदू, जयभीम असे. सुरेखाला घोर लागलाय की ही शाळेत कशी बसेल. मलाही लागला.

६ एप्रिल

सुमितराव भीमगीतांच्या गायन पार्टीत कीबोर्ड वाजवतात. जयंतीसाठी पार्टीने नवा कीबोर्ड घेतला, जुना घरी पडून आहे. चार पट्ट्या वाजत नाहीत. ते म्हणाले, मामा, जल्मभर पंपाच्या जळक्या मोटरींची वायडिंगं भरली, आता ह्यो बी उघडून बघा की. नेट कॅफेतून त्यांनी इंग्रजी कागद छापून आणलेत. परदेशात लोक जुने कीबोर्ड उघडून आतल्या जोडण्या मुद्दाम बदलतात आणि कुणी न ऐकलेले आवाज काढतात म्हणे.

नियम त्यांनी मराठीत सांगितले, मी लिहून घेतले. फक्त सेलवर चालवायचा, लायटीला जोडायचा नाही. एक पट्टी दाबून धरायची आणि वायरीची दोन टोकं आतल्या दोन डाखांवर, म्हणजे कथलाच्या ठिपक्यांवर, टेकवत जायचं. आवाज आवडला की दोन्हीकडे खूण करायची. पक्की जोडणी लगेच करायची नाही.

७ एप्रिल

कीबोर्ड उघडला. वायर टेकवली तशी कधी कोंबडी ओरडल्यासारखं, कधी रहाट कुरकुरल्यासारखं वाजलं. अपेक्षा हसून हसून लोळली. घरमालकीण पुतळाबाई दूध द्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, आबा, नात बोलंना तवा पेटीलाच बोलाया शिकवताय व्हय.

काळ्या चिपजवळ दोन डाख आहेत. तिथे वायर टेकवली तर आवाज आला नाही. कोणीतरी श्वास आत ओढावा तसं झालं. अपेक्षा हसायची थांबली आणि स्पीकरला कान लावून बसली. त्या दोन जागांवर लाल स्केचपेनने खुणा केल्या.

९ एप्रिल

कच्चं काम मला बघवत नाही. लाल खुणांमध्ये वायर डाख देऊन पक्की केली. सेल दोन दिवसांत संपतात, म्हणून अ‍ॅडॉप्टर लावला. दुपारी भारनियमन असतं. आमच्याकडे प्रत्येक शेतकरी मोटरीला ऑटो करून घेतो, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. असे शेकडो ऑटो मी जोडलेत. कीबोर्डचंही बटन डायरेक्ट केलं, म्हणजे कायम चालू. मी झोपलो तरी लाईट आल्यावर पोरीला खेळता येईल.

११ एप्रिल

आनंदाचा दिवस. दुपारी ओसरीवर पडलो होतो. लाईट आली आणि आतून अपेक्षाचा आवाज आला. पानी. माऊ. भाकर. अगदी स्वच्छ. सगळे लिहून घेतले. सुरेखाला सांगितलं तर तिने माझ्या पायावर डोकं ठेवलं.

१३ एप्रिल

आजही आवाज येत होता. हळूच दारातून पाहिलं.

अपेक्षा कीबोर्डसमोर बसली होती. ओठ मिटलेले. पट्टीवर हात नव्हता. पानी, माऊ, चांदू स्पीकरमधून येत होतं. तिच्याच आवाजात.

अ‍ॅडॉप्टरची वायर भिंतीतून ओढून काढली. तिला तांब्या दाखवून विचारलं, हे काय. तिने तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

म्हणजे दोन दिवस मी वहीत कीबोर्डचे शब्द लिहीत होतो.

१४ एप्रिल

जयंती. विहारात सगळ्यांनी अपेक्षाला जयभीम म्हणायला सांगितलं. एरवी ती दोन्ही हात जोडून म्हणते. आज हात जोडले, तोंड उघडलं, आणि माझ्याकडे बघत राहिली. सुरेखा मागे जाऊन रडली.

सुमितरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मामा, ऊन लागलंय तुम्हाला, पोरीला डॉक्टरकडं नेऊ.

अपेक्षाचे शब्द आज — एकही नाही.

१६ एप्रिल

अ‍ॅडॉप्टर काढून फेकला. सेल नाहीत. तरी तो बोलतो. तोडायला हातोडी उचलली, पण तिचे शब्द आत आहेत. तोडला तर तेही —

डाख सोडवायला बसलो. हाताला घाम. दोन बोटं दोन्ही लाल खुणांवर टेकली. कीबोर्ड माझ्या आवाजात म्हणाला, पक्कड. मागून अपेक्षा म्हणाली, पानी.

वायर खेचायला हातात जे होतं त्याला काय म्हणतात ते मला आठवेना. वर त्याचं नाव लिहिलंय ते कीबोर्डकडून ऐकून लिहिलंय.

१७ एप्रिल

माझ्याकडे अडुसष्ट वर्षांचे शब्द आहेत. पोरीला एकोणीस परत हवेत. बोटं ठेवली. माऊ आली. भाकर आली. माझे काय गेले ते कळत नाही. गेलेलं कळायलाही शब्द लागतो.

१९ एप्रिल

तेवीस शब्द. आज तर सबंध वाक्य बोलली. सुरेखाने पुतळाबाईंना — ते गोड, पांढरं, गोल — दिलं. पुतळाबाई म्हणाल्या, नात सुधारली, पर आबा का गप गप.

थांबायला हवं. बोटं निघत नाहीत. म्हणजे निघतात. मीच परत ठेवतो. उद्या ती आणखी बोलेल.

२१

ती खूप बोलते. दिवसभर. लेक हसते. लेकीचं नाव — मागच्या पानावर पाहिलं.

तो आत माझ्या आवाजात बोलतो. मी ऐकतो. चांगलं बोलतो.

२२

दोघं गेली कामाला. दाराला आतून ते लावलंय. वर आहे. तिचा हात पोचत नाही.

ऊन. ती आली. माझं तोंड दोन्ही हातांत धरते. काहीतरी मागते. परत तेच. परत तेच. ओठ सुकलेत तिचे. रडते.

काय मागते. हे दिलं, फेकलं. ते दिलं, नाही. बोट दाखवते तिकडे, कोपऱ्यात, उंचावर, तिथे एक —

तो आतून सांगतो आहे. माझ्याच आवाजात. मोठ्याने सांगतो. मला त्याचं —