पितळी चमचा

प्रिय लवंगे,

तुझ्या नव्या फटाक्यांच्या कारखान्याचं निमंत्रण मिळालं. सोबत मुलाखतीचं कात्रणही होतं. एवढ्याशा पोरीचा आवाज केवढा म्हणून बाबांनी तुझं नाव लवंगी ठेवलं, तो आवाज अजून तसाच आहे. ‘वडिलांच्या चुकीतून मी शिकले,’ असं ठोकून दिलंस! बाबांना मी ते वाचून दाखवलं नाही. भाजल्यापासून त्यांना दिसत नाही, तेवढंच बरं म्हणायचं.

आठवतं ना, आपल्या शेडच्या दाराशी लाकडी खोका असायचा? किल्ल्या, केसातल्या पिना, सगळं त्यात टाकूनच आत जायचं, कारण लोखंडाची ठिणगी पडली की खेळ खलास. दारू उपसायला फक्त पितळी चमचा. तो इवलासा म्हणून तू सारखी कुरकुरायचीस. त्या दिवशी मोठी ऑर्डर होती. तू चहाला बाहेर आलीस, बाबा पिंप सरकवायला आत गेले, आणि सगळं पेटलं.

दुसऱ्या दिवशी राख उपसताना मला आपल्या स्वयंपाकघरातली लोखंडी पळी सापडली. चमचा मात्र बाहेरच्या खिळ्यावर होता. मी पळी पदराआड लपवली, कारण तू माझी धाकटी बहीण. आणि चौकशीत तू काय केलंस? बाबांचं वय, त्यांचा विसराळूपणा, थरथरणारा हात. शब्दांची अशी आतषबाजी केलीस की साहेबलोक बघतच राहिले. चाळीस वर्षांत ज्या माणसाने खिशात साधी टाचणी नेली नाही, त्याचा परवाना गेला. केसाने गळा कापलास गं! मी गप्प बसले, कारण पोटच्या पोरीचं हे वागणं त्यांना सोसलं नसतं.

काल बाबांनी मला तो चमचा खिळ्यावरून काढायला लावला. म्हणाले, लवंगीला पाठव, म्हणावं या खेपेला पळी नको. पिंप कलंडल्यावर फरशीवर लोखंड वाजलेलं त्यांनी ऐकलं होतं. दोन वर्षं मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून. त्यांनी तुला माफ केलंय, मी नाही. म्हणून चमच्यासोबत हे पत्र. रविवारी उद्घाटनाला बाबांना घेऊन मी पहिल्या रांगेत बसेन. भाषणात चूक कुणाची होती ते एका साध्या वाक्यात सांग. पळी माझ्या पिशवीत असेल.

तुझीच,
ताई