उभी वाटणी

मु. निमखेडी, व्हाया दोंडाईचा
ता. २ एप्रिल १९८८

चिरंजीव देवचंद यास पितांबरचे आशीर्वाद. सुरतेला तू, बेबाबाई नि दोन्ही पोरं खुशाल असाल. इकडं तुझी वहिनी बरी आहे. गुडघा धरलाय, तोंड मोकळं आहे.

पत्र पोचलं. मागून पोरांत भांडण नको म्हणून आखाजीच्या सणाला येऊन तुझ्या पट्ट्यात मधोमध बांध घालतोस म्हणतोस. मन चांगलं आहे तुझं. बाप गेला तेव्हा आपल्या तिघांचंही चांगलंच होतं. विहिरीकडची काळी सगळ्यांना मिळावी, नाल्याकडची मुरमाड सगळ्यांनी सोसावी, म्हणून वावर उभं चिरलं. गाव म्हणालं, भाऊ असावेत तर असे. पुढं भावात हिशेब नको म्हणून तुझा पट्टा तू गावातल्या सुपडूला अर्धेलीनं दिलास. तेही चांगल्या मनानंच.

माझा पट्टा मधला. उभी कोळपणी होते; आडवी करायला गेलो की चार पावलांत बैल आपल्या भावाच्या, मगनच्या कपाशीत वळतात. मगनची सुंदरबाई माझ्याशी बोलणार कशी, मी तिचा जेठ, थोरला दीर. मग शेळीला ऐकवते, "तुले बी आमनीच कपाशी दिखनी का?" शेळी बिचारी खुंट्याला बांधलेली. मी हसलो, पण आडवी पाळी सोडून दिली. यंदा कपाशीपेक्षा तणच उंच होतं.

माझ्या पोराचं, वनाचं विचारलंस. बरा आहे. बांधावरच्या आंब्याला कैऱ्या चांगल्या लागल्यात, तुझ्यासाठी लोणचं घालायला सांगितलंय.

वनाचं लिहितोच. आखाजीपासून तो यावलकडं केळीच्या बागेत सालदार लागायचं म्हणतो, बायकापोरांना घेऊन. आपल्या बापाकडं सालदार जेवायचे, देवचंद. मी म्हटलं, स्वतःचं वावर असताना दुसऱ्याच्या दारात वर्षभर राबशील? त्यानं मान वर केली नाही.

"आबा, हाई वावर नही, वाट शे."



मागणं मला जमत नाही, समोर असतास तर बोललोही नसतो. बांध घालू नकोस. सुपडूचं साल सरतंय. तुझा नि माझा पट्टा एक करून वनाला वाहू दे. तुझ्याकडचं अर्धं पीक तुला. बैल मोकळे वळले तर पोरगा थांबेल. यावलची बोली आखाजीलाच पक्की व्हायची आहे.

पटलं नाही तर नकाराचं पत्र धाडू नकोस. आखाजीला ये, बापाच्या नावाची घागर भर, आणि बांध घाल. दगड उचलायला मी आहेच.

तुझा मोठा भाऊ,
पितांबर